दहा वल्हेकरी, चौदा दिवस: पीटर पानुम आणि फेरो बेटांवरचा गोवर

पार्श्वभूमी

सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात पीटर लुडविग पानुम या डॅनिश डॉक्टरच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात: १८४६ साल, फेरो बेटं, गोवराची साथ. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि पुढे जातात. मी शिकवताना मात्र इथे मुद्दाम थांबते. हाताशी सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही, रोगजंतूंची कल्पनाही अजून रुजलेली नाही, अशा वेळी पंचवीस वर्षांच्या एका डॉक्टरने नुसत्या तारखा विचारून एका रोगाची चाल उलगडली. ती त्याने कशी उलगडली हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे.

पानुमचा जन्म १९ डिसेंबर १८२० रोजी बाल्टिक समुद्रातल्या बोर्नहोम बेटावर, रोने गावी झाला. वडील लष्करात शल्यवैद्य होते. पुढे कुटुंब डेन्मार्क आणि जर्मन प्रदेश यांच्या सीमेवरच्या श्लेसविगच्या मुलखात गेलं, त्यामुळे पानुम वाढला तो डॅनिश आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत. आधी कील आणि मग कोपनहेगन इथे वैद्यक शिकून १८४५ मध्ये तो डॉक्टर झाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजाने तरंगंबाडी आणि सेरामपूर या भारतातल्या वसाहती ब्रिटिशांना विकल्या. राज्य आटत चाललं होतं, पण उत्तर अटलांटिकमधली बेटं अजून त्याच्याकडेच होती.

त्या बेटांपैकी फेरो बेटं म्हणजे नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामध्ये समुद्रातून वर आलेले अठरा कडे. झाड जवळपास नाही. वस्ती ती खाडीच्या तोंडाशी किंवा डोंगराच्या पायथ्याशी, छपरावर गवत वाढवलेल्या घरांची. घरात चूल असलेली एकच मोठी धुरकट खोली, सगळं कुटुंब तिथेच वावरायचं. मेंढ्या, मासे, कड्यांवरचे समुद्रपक्षी आणि कळपाने किनाऱ्याकडे हाकून आणलेले लहान जातीचे देवमासे यांवर गुजराण. व्यापार राजाच्या मक्तेदारीत, १८५६ पर्यंत. बाहेरची जहाजं मोजकी आणि ती यायची मुख्यतः टोर्सहाव्हन या मुख्य गावाला. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर बहुतेक ठिकाणी होडीच काढावी लागे, आणि समुद्र खवळला की तीही बंद.

समस्या

या बेटांवर गोवराची शेवटची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती. त्यानंतर पासष्ट वर्षं गोवर नाही. म्हणजे पासष्टीच्या आतल्या कोणीही बेटावर गोवर पाहिलेला नव्हता. वस्ती ७,७८२ माणसांची. एवढ्या थोड्या लोकांत गोवर कायम टिकून राहू शकत नाही. तो एकदा फिरून गेला की नवी लागण व्हायला माणसं उरत नाहीत आणि तो विझतो. कोपनहेगनसारख्या शहरात मूल जन्माला आलं की चार-सहा वर्षांत त्याला गोवर होणारच. इथे मात्र दोन पिढ्या कोऱ्या राहिल्या होत्या.

२० मार्च १८४६ ला एक सुतार कोपनहेगनहून जहाजात बसला. निघण्याच्या थोडे दिवस आधी तो गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता. २८ मार्चला टोर्सहाव्हनला उतरला तेव्हा तो ठणठणीत होता. प्रवासातही त्याला काही झालं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या अंगावर गोवर उठला. सुमारे दोन आठवड्यांनी त्याचे दोन जवळचे मित्र आजारी पडले. तिथून पुढे साथ गावोगाव गेली.

पुढच्या काही महिन्यांत ७,७८२ पैकी सुमारे ६,००० माणसांना गोवर झाला आणि शंभराहून अधिक दगावली. म्हणजे चारातल्या तीन माणसांहून जास्त जणांना लागण झाली. या आकड्याचा खरा अर्थ घराच्या आत गेल्यावर कळतो. आपल्याकडे घरात गोवर निघाला तर एखाददुसरं मूल अंथरुणात असतं आणि आई-आजी उशाशी. फेरोमध्ये आई, बाप, आजोबा आणि मुलं एकाच आठवड्यात पडत. पाणी द्यायला, चूल पेटवायला, मेंढ्या बघायला, होडी काढायला माणूस उरत नसे.

बातमी कोपनहेगनला पोहोचायला जहाजाशिवाय साधन नव्हतं. सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवायचं ठरवलं: पानुम आणि ऑगस्ट मानिकुस. पानुमला पदवी मिळून एक वर्षही धड झालं नव्हतं.

समोरचे पर्याय

या दोघांपुढे वाटा कोणत्या होत्या, हे त्या काळाच्या समजुती ध्यानात घेऊनच बघायला हवं.

पहिली वाट सरळ होती. जायचं, आजाऱ्यांवर जमतील ते उपचार करायचे, किती मेले किती वाचले ते लिहून परत यायचं. सरकारची अपेक्षा बहुधा एवढीच होती. गोवरावर औषध नव्हतंच, आजही थेट औषध नाही. डॉक्टरच्या हातात होतं ते शुश्रूषा आणि धीर देणं.

दुसरी वाट त्या काळच्या बऱ्याच विद्वानांची. रोग हवेतून, जमिनीतून उठणाऱ्या दूषित वाफांमुळे पसरतात असं मानणारा मोठा वर्ग होता. गोवर माणसाकडून माणसाला लागतो हे कबूल करणारेही त्याला हवेची, ऋतूची जोड लागते असं म्हणत. या वाटेने गेलं तर डॉक्टरने हवामान, ओल, घरांची दुर्गंधी, खाण्यातलं वाळवून आंबवलेलं मांस यांची नोंद करायची आणि दोष त्यांच्यावर टाकायचा. फेरोत या गोष्टी मुबलक होत्या. धुराने काळी झालेली घरं, कोंदट खोल्या, टांगून मुरवलेलं मटण. बाहेरून आलेल्या शहरी माणसाला निष्कर्ष काढायला एवढं पुरलं असतं.

तिसरी वाट कष्टाची होती: प्रत्येक गावात रोग कोणी आणला, कोणत्या दिवशी आणला, आणि पुढचा माणूस कोणत्या दिवशी पडला, हे विचारत जायचं.

पानुमने तिसरी वाट धरली, पण पहिल्या दोन सोडल्या नाहीत. रुग्ण त्याने तपासलेच. घरं, अन्न, कपडे, आयुर्मान या सगळ्याचंही तपशीलवार वर्णन लिहिलं. फरक इतकाच की वर्णन करून त्यालाच कारण ठरवण्याची घाई त्याने केली नाही. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला निर्णायक क्षण. दिसतं ते लिहून ठेवायचं, पण ते कारण आहे की नुसतं शेजारी आहे हे तपासेपर्यंत थांबायचं.

प्रत्यक्ष काम

पानुम होडीने आणि पायी बावन्न गावांत गेला. प्रश्न साधे होते. गावात पहिला कोण आजारी पडला? तो त्याआधी कुठे गेला होता, किंवा त्याच्याकडे कोण आलं होतं? पुरळ कोणत्या दिवशी उठलं? त्यानंतर घरात कोण आणि कधी?

आपल्या आशाताई साथीच्या दिवसांत वहीत हेच तर टिपतात. पण १८४६ मध्ये कोणी असं विचारत नव्हतं, आणि शहरात विचारून उपयोगही नव्हता. कोपनहेगनमधल्या मुलाला गोवर झाला तर तो गल्लीतून, शाळेतून, चर्चमधून, दाराशी आलेल्या पाहुण्याकडून, कुठूनही आलेला असू शकतो. फेरोमध्ये मात्र गावात होडी येणं हीच बातमी असे. कोण आलं, कोणत्या दिवशी आलं, किती वेळ थांबलं, हे साऱ्या गावाला तोंडपाठ असायचं. बेटांचा जो एकलकोंडेपणा साथीच्या वेळी घातक ठरला, तोच तपासासाठी वरदान झाला. हे हेरणं म्हणजे या माणसाची खरी बुद्धी.

दुसरा निर्णय तारखेचा. ‘बरं कधीपासून वाटत नाही?’ या प्रश्नाला दहा माणसं दहा उत्तरं देतात. कोणी कणकण आली तेव्हापासून मोजतो, कोणी खोकला सुरू झाला तेव्हापासून, कोणी अंथरूण धरलं तेव्हापासून. पुरळ मात्र दिसतं. आदल्या दिवशी अंग कोरं आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर, कानामागे लाल ठिपके, यात मतभेदाला जागा नाही. पानुमने मोजणी पुरळ उठण्याच्या दिवसावर बांधली. गोवर अंगात किती दिवस दबा धरून राहतो यावर त्या काळच्या पुस्तकांत एकमत नव्हतं, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे प्रत्येकजण वेगळ्या खुणेपासून मोजत होता.

तियोर्नुविक गावाची नोंद यातली सर्वात बोलकी. स्ट्रेमोय बेटाच्या उत्तर टोकाला, तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र, असं हे गाव. ४ जून १८४६ ला इथून दहा माणसांची एक होडी वेस्टमाना बंदरात देवमाशांच्या शिकारीला गेली. अशी शिकार म्हणजे अख्ख्या परिसराचा मेळा. कळप दिसल्याची खूण झाली की हातातलं काम टाकून गावोगावच्या होड्या निघतात, कळपाला घेरून उथळ पाण्यात आणतात, मग मांसाची वाटणी होते. त्या दिवशी वेस्टमानात गर्दी होती आणि गर्दीत गोवरही होता. दहाजण घरी परतले. दोन आठवडे काही नाही. शेवटचे काही दिवस अंगात कसकस. आणि १८ जूनला दहाच्या दहा माणसांच्या अंगावर पुरळ उठलं.

एकाच दिवशी, दहाहीजणांना.

हवेत काही पसरलं असतं तर ते होडीत बसलेल्यांनाच निवडून लागलं नसतं. गावात मागे राहिलेल्या त्यांच्या बायका, मुलं, म्हातारे तीच हवा घेत होते, त्याच कोंदट खोल्यांत राहत होते, तेच मुरवलेलं मांस खात होते. त्यांना १८ जूनला काही झालं नाही. त्यांची पाळी आली ती आणखी सुमारे दोन आठवड्यांनी, या दहाजणांकडून लागण होऊन. ४ जून ते १८ जून, चौदा दिवस. आता सुताराकडे परत बघा. २० मार्चच्या सुमाराला कोपनहेगनमध्ये संपर्क आणि एप्रिलच्या आरंभी पुरळ. हिशेब तोच. त्याच्या मित्रांचाही तोच. गाव बदललं, माणसं बदलली तरी आकडा तेरा-चौदाच्या आसपासच राहिला.

तिसरा निर्णय मला सर्वात सुंदर वाटतो, कारण तो सुचणं अवघड होतं. सगळं लक्ष आजाऱ्यांवर असताना पानुमने न पडलेल्यांकडे पाहिलं. बेटांवर १७८१ च्या साथीतून गेलेली काही माणसं अजून हयात होती. पानुमने अशी ९८ म्हातारी माणसं शोधली. त्यांतल्या एकालाही पुन्हा गोवर झाला नव्हता. घरात चहूकडे आजारी, हे मधोमध बसलेले, आणि तरी सुरक्षित. एकदा झालेल्या गोवराचं संरक्षण पासष्ट वर्षं टिकलं होतं.

पण इथे शंका येते की हे वयामुळे तर नसेल? म्हाताऱ्या शरीराला गोवर लागतच नसेल तर? पानुमने ही वाटही बंद केली. १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला नव्हता ते म्हातारे यावेळी संपर्कात आले तेव्हा आजारी पडले. म्हणजे त्याच वयाचे, त्याच गावांतले दोन गट, फरक फक्त लहानपणी गोवर झाला होता की नाही याचा. आज आपण तुलनागट म्हणतो तो त्याने मुद्दाम तयार केला नव्हता. बेटांनी तयार करून ठेवला होता, त्याने ओळखला.

फलित

१८४७ मध्ये पानुमची निरीक्षणं कोपनहेगनच्या डॅनिश वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच वर्षी बर्लिनहून जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खोचं नवं नियतकालिक निघालं आणि त्याच्या पहिल्याच खंडात या कामाचा जर्मन अवतार छापला गेला. युरोपभर ते वाचलं गेलं.

निष्कर्ष थोडक्यात असे. गोवर माणसाकडून माणसालाच लागतो, आपोआप उद्भवत नाही. संपर्कापासून पुरळ उठेपर्यंत साधारण तेरा-चौदा दिवस जातात. रुग्ण सर्वात जास्त लागण देतो तो पुरळ उठण्याच्या काळात, कातडी सुटताना नव्हे. तेव्हाची रूढ समजूत नेमकी उलटी होती. एकदा झाला की पुन्हा होत नाही. आणि साथ रोखायचा सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे घर किंवा गाव अलग ठेवणं. येणंजाणं बंद करून काही घरं आणि गावं खरोखर वाचली होती, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

यातल्या एका मुद्द्याला पुढे दुरुस्ती लागली. आज आपल्याला माहीत आहे की पुरळ दिसण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच रुग्ण गोवर पसरवत असतो, म्हणजे जेव्हा त्याला नुसती सर्दी, ताप आणि लाल डोळे असतात तेव्हाच. बाकीची चौकट टिकली.

मृत्यूंच्या नोंदीतही शिकण्यासारखं आहे. तान्ही बाळं आणि उतारवयातली माणसं जास्त दगावली, मधल्या वयातली कमी. बाळांचं कारण पानुमच्या काळात कळण्यासारखं नव्हतं. आईला गोवर होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल तर तिची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. फेरोतल्या आयांनी गोवर पाहिलाच नव्हता, मग बाळांना कुठून मिळणार? २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यायचा निर्णय झाला. नऊ महिन्यांपर्यंत आईचं संरक्षण पुरेल हे गृहीत धरून वेळापत्रक चालतं, साथीत ते गृहीत पुरत नाही.

पुढची कारकीर्द आणि एक फसलेली निवड

फेरोहून परतलेला पानुम साथींचा तज्ज्ञ म्हणून स्थिरावला असता तर नवल नव्हतं. १८५० मध्ये लोलान बेटावरच्या बान्डहोमला कॉलरा आला तेव्हा त्यालाच पाठवलं गेलं. पण त्याचं मन शरीरक्रियाशास्त्राकडे ओढलं. १८५१ मध्ये रक्ताच्या गाठीतल्या फायब्रिन या तंतुमय प्रथिनावर त्याने प्रबंध लिहिला. मग वुर्झबुर्गला फिर्खोकडे आणि पॅरिसला शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉड बर्नारकडे काम केलं आणि १८५३ मध्ये कीलला प्राध्यापक झाला. दोन डोळ्यांनी पाहिलेली थोडी वेगवेगळी चित्रं मेंदू कितपत एक करू शकतो याचं त्याचं मोजमाप नेत्रतज्ज्ञ आजही त्याच्या नावानेच ओळखतात. रक्त चढवायचं तर त्याच जातीच्या प्राण्याचं चालतं, परक्या जातीचं नाही, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. १८७० च्या दशकात युरोपातले काही डॉक्टर माणसांना कोकराचं रक्त चढवत होते, तेव्हा त्या नादाविरुद्ध तो ठाम उभा राहिला.

याच काळातलं एक काम फेरोइतकंच मोलाचं होतं, पण त्याचं नशीब वेगळं निघालं. कुजलेल्या मांसाचं पाणी कुत्र्याच्या शिरेत सोडलं तर तो तडफडून मरतो, हे ठाऊक होतं. मारतं ते काय? कुजण्यातले सूक्ष्म जीव की त्यांच्याबरोबरचं एखादं रसायन? पानुमने ते पाणी गाळलं, आटवलं, अकरा तास उकळलं, अल्कोहोलने धुतलं. विष तरीही शिल्लक. पाण्यात विरघळणारं, अल्कोहोलमध्ये न विरघळणारं, उकळून न मरणारं. जिवंत काही इतकं सोसून राहणं शक्य नाही, म्हणून हे रासायनिक विष आहे असं त्याने मांडलं, आणि सर्पविषाशी त्याची तुलना केली. साल १८५६. पुढे १८९० च्या दशकात रिशार्ड फायफरने जीवाणूंच्या शरीरातल्या ज्या विषाला ‘एंडोटॉक्सिन’ म्हटलं, त्याचा माग इथे लागतो. अतिदक्षता विभागात सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने सारं शरीर कोलमडू लागलेला, रुग्ण पाहणारा डॉक्टर आज अनेकदा त्याच विषाशी झुंजतो.

हे काम पानुमने डॅनिशमध्ये छापलं. जर्मन भाषेत पूर्ण स्वरूपात ते आलं १८७४ मध्ये, अठरा वर्षांनी. मधल्या काळात जर्मन प्रयोगशाळांत इतरांनी हाच प्रश्न हाती घेऊन स्वतःची नावं दिली होती. गोवराचं काम त्याच वर्षी दोन्ही भाषांत आलं आणि जगाने ते उचललं. विषाचं काम एकाच भाषेत राहिलं आणि बाजूला पडलं. माणूस तोच, काटेकोरपणा तोच. मातृभाषेत लिहिण्यात चूक नव्हतीच. देशातल्या डॉक्टरांना आपल्या भाषेत वाचायला मिळणं हा त्यांचा हक्क होता. चूक झाली ती दुसरा मजकूर मागे ठेवण्यात, आणि दोन्ही भाषा सारख्याच येणाऱ्या माणसाकडून झाली म्हणून ती जास्त सलते.

१८६४ मध्ये डेन्मार्कने श्लेसविग आणि होल्स्टाइन युद्धात गमावले. होल्स्टाइनमधलं कील परक्या अमलाखाली गेलं. स्वतः उभी केलेली प्रयोगशाळा, अकरा वर्षांचं काम आणि जर्मन विद्वानांचा सहवास एका बाजूला, देश दुसऱ्या बाजूला. पानुम कोपनहेगनला गेला आणि शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्याने तिथे नव्याने प्रयोगशाळा बांधली. तिथे शिकलेला क्रिस्तियान बोर त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बसला, आणि बोरचा विद्यार्थी ऑगस्ट क्रोग याला १९२० चं नोबेल मिळालं. ऑगस्ट १८८४ मध्ये कोपनहेगनला जगभरच्या डॉक्टरांची आठवी परिषद भरली, तिचा अध्यक्ष पानुम होता. लुई पाश्चरने तिथे पिसाळरोगावरचं आपलं काम मांडलं. पुढल्याच वर्षी, २ मे १८८५ ला, पानुम वारला.

वेगळं काय करता आलं असतं

फेरोच्या प्रकरणात मागे वळून पाहताना तीन जागा दिसतात.

पहिली टोर्सहाव्हनमधली. सुताराच्या अंगावर पुरळ उठल्यापासून त्याच्या मित्रांना उठेपर्यंत सुमारे दोन आठवडे मिळाले होते. रुग्ण एक, घर एक, गावही एकच. त्या दिवसांत सुतार आणि त्याच्याकडे बसाउठायला गेलेली माणसं वेगळी ठेवली असती तर साथ तिथेच आटोक्यात आली असती अशी चांगली शक्यता होती. पण ज्या बेटावर साठ-पासष्ट वर्षांत हा रोग कोणी पाहिलेला नाही, तिथे तो ओळखणार कोण, आणि किती दिवस थांबायचं हे सांगणार कोण? तो आकडा पानुमने नंतर दिला. त्यामुळे तिथल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा तियोर्नुविकची. देवमाशांची शिकार थांबवता आली नसती, वर्षाचं अन्न होतं ते. पण वेस्टमानात गोवर आहे हे कळलं असतं आणि आजचा हिशेब हाताशी असता, तर दहाजणांना अख्खा पंधरवडा कोंडून ठेवायचीही गरज नव्हती. पहिले काही दिवस ते कामावर जाऊ शकले असते. ११ जूनच्या सुमारापासून पुरळ ओसरेपर्यंत एखाद्या बोटघरात किंवा गोठ्यात त्यांची वेगळी सोय आणि दाराशी अन्न, एवढ्याने गाव वाचलं असतं. आणि त्यांच्यातल्या एखाद्याला बाकीच्यांपेक्षा दोन-तीन दिवस आधी पुरळ आलं असतं तरी हिशेब चुकू नये म्हणून थोडी आधीची तारीख धरायची.

तिसरी जागा फेरोच्या बाहेरची आहे, आणि मला ती सर्वात जास्त बोचते. जानेवारी १८७५ मध्ये ‘डिडो’ हे ब्रिटिश नौदलाचं युद्धजहाज सिडनीहून फिजीचा राजा थाकोम्बाऊ आणि त्याच्या मुलांना घेऊन फिजीला आलं. जहाजावर गोवर होता. फिजीची माणसं फेरोसारखीच कोरी होती. पानुमचा अहवाल छापून अठ्ठावीस वर्षं झाली होती, तेरा-चौदा दिवसांचा आकडा वैद्यकाच्या पुस्तकांत होता. तरी जहाज अलग ठेवलं नाही. माणसं उतरली, भेटायला निरनिराळ्या बेटांवरचे सरदार जमले आणि आपापल्या गावी परतले. सुमारे ४०,००० माणसं मेली, लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. १८४६ मध्ये माहिती नव्हती म्हणून साथ पसरली. १८७५ मध्ये माहिती होती, पण जहाज थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हातात होता त्यांनी ती वापरली नाही.